संथ बोटीने जिंकलेली शर्यत: मुंबईत बांधलेल्या ‘सुहैली’चे प्रकरण

शिडाच्या नामांकित शर्यतबोटींची नावे काढली की बहुतेक बोटी वेगासाठीच जन्मलेल्या दिसतात. ‘सुहैली’ त्यांच्या रांगेत बसत नाही. जेमतेम बत्तीस फुटांची, सागवानी, जड, दोन्ही टोकांना निमुळती अशी ही बोट. तिने जगाला घातलेली प्रदक्षिणा ३०,१२३ सागरी मैलांची होती आणि तिचा सरासरी वेग पडला ४.०२ नॉट, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास. तरीही एकट्या माणसाने कुठेही न थांबता केलेली पहिली पृथ्वीप्रदक्षिणा तिच्याच नावावर आहे. १९६८च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नऊ जण उतरले होते. शर्यत पुरी करून परत आली ती एकटी सुहैली, आणि ती बांधली गेली होती आपल्या मुंबईत.

हे कसे घडले याचे उत्तर बहुतेक वेळा खलाशाच्या जिद्दीवर संपवले जाते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची जिद्द वादातीतच आहे. पण जिद्दी माणसे त्या शर्यतीत आणखी आठ होती. म्हणून या प्रकरणात मी माणसाइतकेच बोटीकडे पाहिले आहे: ती कशी बांधली होती, कुठे मोडली आणि मोडल्यावर भर समुद्रात कशी दुरुस्त झाली.

आराखडा आणि सुतारकाम

१९६०च्या सुमारास रॉबिन ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होते. त्यांचे घर मुंबईत, फेऱ्या इराणच्या आखातात. दोन सहकारी अधिकाऱ्यांसोबत त्यांनी बेत केला की मुंबईत एक बोट बांधायची आणि तीच चालवत इंग्लंडला घरी जायचे. आराखडा इंग्लंडहून मागवला. पोस्टाने आला तो त्यांना हवा असलेल्या बोटीचा नव्हताच, फार जुन्या धाटणीच्या ‘एरिक’ नावाच्या बोटीचा होता. दुसरा मागवण्याइतका वेळ नव्हता, म्हणून आलेल्या कागदांवरच काम सुरू झाले.

पुढचे सारे या चुकीच्या आराखड्यावर उभे आहे. ‘एरिक’ रेखाटली होती अमेरिकेच्या विल्यम अॅटकिन यांनी, १९२०च्या दशकात. तिचे मूळ त्याही मागचे, नॉर्वेच्या कॉलिन आर्चर यांच्या बचावनौकांमध्ये. वादळात मच्छीमार बोटी किनाऱ्याकडे पळू लागल्या की या नौका उलट दिशेला, समुद्रात जायच्या. त्यांच्याकडून वेगाची अपेक्षा नव्हती. मागून येणारी लाट मागच्या निमुळत्या टोकावर फुटून दोन बाजूंना वाटली जावी आणि लांब, खोल कीलमुळे, म्हणजे तळाच्या कण्यामुळे, बोटीने आपली दिशा सोडू नये, एवढ्यासाठी त्यांचा आकार घडला होता.

बांधकाम १९६३ साली सुरू झाले, तेही त्या काळच्या मुंबईच्या पद्धतीने. सागवानाचे ओंडके, ते तासायला वाकस, भोके पाडायला दोरीने फिरवायचा सामता, कापायला हातकरवत. विजेवर चालणारी हत्यारे जवळपास नाहीतच. बोट पाण्यात उतरवताना नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फोडला गेला. शॅम्पेनची बाटली फोडण्याच्या इंग्रजी रिवाजात वाढलेल्या माणसाच्या बोटीची सुरुवात नारळाने झाली, हे वाचून मला मनापासून आनंद होतो. आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला सुहैली म्हणतात. तेच नाव तिला मिळाले.

सागवानाबद्दल थोडे विषयांतर करतो. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाने बांधलेली सागवानी जहाजे इंग्लंडच्या आरमारात पिढ्यान्‌पिढ्या टिकली. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे तो पाण्यात लवकर कुजत नाही आणि त्यात ठोकलेल्या लोखंडालाही ओकइतका खात नाही. सुहैली बांधली गेली तोवर जहाजबांधणीचा तो काळ संपून शतक उलटून गेले होते. पण लाकूड तेच होते, आणि वाकस चालवणारे हातही त्याच गोदीकाठचे.

१९६५च्या डिसेंबरात रॉबिन, त्यांचा भाऊ आणि एक सहकारी मुंबईहून निघाले. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने खाली उतरताना दक्षिण आफ्रिकेत पैसे संपले, तिथे नोकऱ्या करून पुन्हा जमवावे लागले. त्यानंतर केप टाउनहून ते न थांबता ७४ दिवसांत इंग्लंडला पोहोचले. या टप्प्याचा उल्लेख फारसा होत नाही, पण माझ्या मते पुढच्या यशाची पहिली खूण इथेच सापडते. शिडे नीट जुळवली आणि सुकाणूचा दांडा बांधून ठेवला की सुहैली तासन्‌तास आपली वाट धरून चालते, हे त्यांना या प्रवासात उमगले होते.

पैसे नसताना घेतलेला निर्णय

१९६७ मध्ये सर फ्रान्सिस चिचेस्टर ‘जिप्सी मॉथ ४’ घेऊन एकट्याने जगप्रदक्षिणा करून परतले. मध्ये फक्त सिडनीला थांबले होते. आता उरले होते ते मुळीच न थांबता जाणे. फ्रान्सचा एरिक ताबार्ली नवी बोट बांधतो आहे, ही बातमी रॉबिनच्या वडिलांनी घरात काढली आणि हा मान फ्रेंचांकडे जाऊ नये, असे या तरुणाच्या मनाने घेतले.

सुहैली त्यांच्या डोक्यात नव्हती. त्यांनी कॉलिन म्यूडी यांच्याकडून मोठ्या पोलादी बोटीचा आराखडा करून घेतला. पाच हजार पौंड लागणार होते. कंपन्यांना पत्रे गेली, दारे ठोठावून झाली, पैसा काही उभा राहिला नाही. शेवटी हाताशी होती तीच बोट घ्यायची ठरली. मार्च १९६८ मध्ये ‘संडे टाइम्स’ने शर्यत जाहीर केली: पहिला परतेल त्याला गोल्डन ग्लोब, सर्वांत कमी दिवस घेईल त्याला पाच हजार पौंड, आणि १ जून ते ३१ ऑक्टोबर या काळात ज्याने त्याने आपल्या सोयीने निघायचे.

नियमाच्या या शेवटच्या भागाने संथ बोटीला संधी दिली, आणि तिची किंमतही वसूल केली. हळू चालणाऱ्याने लवकर निघायला हवे, म्हणून सुहैली १४ जून १९६८ रोजी फालमथहून निघाली. पण जूनमध्ये निघालेला माणूस दक्षिण महासागरात पोहोचतो तेव्हा तिथे हिवाळा सरलेला नसतो. वेगवान बोटीवाले ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत थांबून त्या समुद्राचा उन्हाळा गाठू शकत होते. रॉबिनला ती मुभा नव्हती. आधी निघून मिळवलेल्या आघाडीची फेड त्यांना वाईट हवामानात करावी लागणार होती.

गळती

केप व्हर्दे बेटांच्या दक्षिणेला पोहोचेपर्यंत बोटीत पाणी एवढे येऊ लागले की ते रोज उपसावे लागे. रॉबिन पाण्यात उतरले, बुडी मारून पाहिले, तेव्हा कारण दिसले. कीलला लागून असलेल्या सर्वांत खालच्या फळीचा सांधा डोलकाठीच्या जवळ, दोन्ही बाजूंनी उघडला होता. बोट चालताना तिथली फळी हलायची आणि फटीत भरलेले सामान बाहेर यायचे.

किनाऱ्यावर बोट ओढून घेता आली असती तर एका दुपारचे काम. इथे ते पाण्याखाली पाच फुटांवर, श्वास रोखून, वरखाली होणाऱ्या बोटीला लगटून करायचे होते. त्यांनी अंगात गडद कपडे चढवले, पाण्यात पांढरी कातडी चमकून शार्क येऊ नये म्हणून. हातोडा दोरीने खाली सोडलेला. पहिल्यांदा फटीत कापूस ठासायचा प्रयत्न केला, पण एका दमात तो पुरेसा बसेना. दुसऱ्या बुडीपर्यंत निम्मा बाहेर आलेला असे. मग त्यांनी युक्ती बदलली. कॅनव्हासच्या लांब पट्टीवर कापूस शिवला, तिला डांबर लावले, पट्टीत आधीच चुका, म्हणजे बारीक खिळे, टोचून ठेवल्या आणि खाली जाऊन ती पट्टीच फटीवर ठोकली. वर तांब्याची पट्टी चढवली. रेडिओ बसवणाऱ्यांच्या कामातून उरलेला तो तुकडा बोटीवर तसाच पडून होता.

काम चालू असताना एक शार्क घिरट्या घालू लागला. रॉबिन वर आले आणि थोडा वेळ वाट पाहिली. तो जाईना तेव्हा रायफलने त्याला मारले. एका बाजूची पट्टी त्या दिवशी बसली, दुसऱ्या बाजूची संधी मिळाली तेव्हा. गळती बरीच आटोक्यात आली.

हा प्रसंग साहस म्हणून सांगितला जातो. मला त्यात अधिक महत्त्वाचे वाटते ते असे: लाकडी बोटीचा प्रत्येक सांधा कुणीतरी हाताने बसवलेला असतो, म्हणून तो हाताने पुन्हा बुजवताही येतो. ही बोट उभी राहताना रॉबिन तिथे हजर होते. फळी कुठे संपते, खाली काय आहे, खिळा कुठे धरेल हे त्यांना आतून ठाऊक होते. दुकानातून तयार बोट घेतलेल्याला ही माहिती सहसा नसते.

दक्षिण महासागर

५ सप्टेंबरच्या रात्री केप ऑफ गुड होपच्या दक्षिणेकडच्या टापूत एका लाटेने सुहैलीला पूर्ण आडवे पाडले. रॉबिन आपल्या बिछान्यात होते, वरचे सामान त्यांच्यावर कोसळले. बोट आपोआप सरळ झाली, कारण तळाशी लोखंडी वजन होते. पण केबिनचा वरचा सांगाडा डेकवरून किंचित सरकला होता. सांध्यांतून पाणी आत ठिबकू लागले. आणखी एक तशी लाट आली असती तर केबिन उखडून गेली असती आणि डेकला भले मोठे भगदाड पडले असते. त्यांनी जादा बोल्ट घालून ती जागी घट्ट केली. टाक्यांतले गोडे पाणी खराब झाले होते, तेव्हापासून भिस्त शिडावरून गोळा होणाऱ्या पावसाच्या पाण्यावर. रेडिओही पुढे बंद पडला.

वादळात ते काय करत ते नीट समजून घेण्यासारखे आहे. बहुतेक सगळी शिडे उतरवायची, पुढे एक छोटे वादळी शीड ताणून बांधायचे आणि मागून शेकडो फूट जाड दोर वळसा देऊन पाण्यात सोडायचा. दोराच्या ओढीने बोटीचा वेग मोडतो आणि निमुळते मागचे टोक लाटेकडे राहते. आर्चर यांनी त्या टोकाला दिलेला आकार नेमका इथे उपयोगी पडला.

बोटीची बॅटरी चार्ज करायला एक लहान इंजिन होते. त्याच्या मॅग्नेटोतली, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागातली, फट इंचाच्या बारा ते पंधरा हजारांश एवढी हवी होती आणि ती मोजायचे साधन बोटीवर नव्हते. त्यांनी एका वहीची पाने मोजली. दोनशे पानांची जाडी एक इंच, म्हणजे एक पान पाच हजारांशांचे. तीन पाने फटीत सरकवली, माप बसले, इंजिन सुरू झाले. गॅरेजवाल्याला सांगितले तर तोही दाद देईल अशी ही गोष्ट.

ऑस्ट्रेलियाजवळ येईपर्यंत वाऱ्यावर चालणारे स्वयंचलित सुकाणू कायमचे मोडले. हाताशी असलेले सुटे भागही संपले होते. एकट्या खलाशाला झोप घ्यायची तर बोटीने स्वतः दिशा धरायला हवी, त्यामुळे बहुतेकांचा प्रवास इथेच संपला असता. रॉबिननी शिडे जुळवून, सुकाणूचा दांडा बांधून पुढची अर्धी पृथ्वी पार केली. केप टाउनहून लंडनला येताना जे कळले होते ते इथे कामी आले. हलक्या, आखूड कीलच्या, वेगासाठी घडवलेल्या बोटीला हे जमत नाही. ती चपळ असते आणि म्हणूनच सतत हात मागते.

न्यूझीलंडच्या ओटागो बंदराच्या तोंडाशी बोट वाळूत रुतली. नांगर टाकून, भरतीची वाट पाहून त्यांनी ती एकट्याने सोडवली. नियमाप्रमाणे बाहेरची कसलीच मदत घेता येत नव्हती. किनाऱ्यावरच्या पत्रकाराशी बोटीवरूनच बोलणे झाले आणि ते पुढे निघाले. तो नोव्हेंबर होता. त्यानंतर साडेचार महिने सुहैलीची काही खबर नव्हती. १७ जानेवारी १९६९ रोजी तिने दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे केप हॉर्न ओलांडले, पण हे फक्त रॉबिनना ठाऊक होते. ६ एप्रिलला अटलांटिकमध्ये एका तेलवाहू जहाजाने तिला पाहिले तेव्हा बोट आणि खलाशी दोघेही शाबूत असल्याचे जगाला कळले. २२ एप्रिलला, ३१२ दिवसांनी, ती फालमथला परतली. कस्टमचा अधिकारी बोटीवर चढला आणि नेहमीचा प्रश्न विचारला: कुठून आलात? उत्तर होते: फालमथहून.

बाकीचे आठ

जॉन रिजवे आणि चे ब्लाइथ यांच्या बोटी फायबरग्लासच्या, किनाऱ्यालगत सहलीसाठी बनवलेल्या. पहिला ब्राझीलला थांबला, दुसरा दक्षिण आफ्रिकेला. बिल किंग यांच्या बोटीची डोलकाठी उलटण्यात गेली. फुजरों आणि कारोझ्झो अटलांटिकमध्येच बाद झाले. नायजेल टेटली यांनी तीन सांगाड्यांची हलकी बोट, ट्रायमरान, केप हॉर्न ओलांडून घरच्या वाटेवर आणली होती. मागून डोनाल्ड क्रोहर्स्ट वेगाने येतो आहे असे समजून त्यांनी ती जिवापाड हाकली आणि २१ मे १९६९ रोजी ती तुटून बुडाली. क्रोहर्स्ट अटलांटिकबाहेर गेलेच नव्हते, खोट्या जागा कळवत होते. जुलैमध्ये त्यांची बोट रिकामी सापडली. वेगाचे पाच हजार पौंडही रॉबिननाच मिळाले. ते सगळे त्यांनी क्रोहर्स्ट यांच्या पत्नी-मुलांना दिले.

राहिले बर्नार मुआतेसिये. सुहैलीच्या विजयाबद्दल बोलताना त्यांना टाळणे मला अप्रामाणिक वाटते. त्यांची पोलादी ‘जोशुआ’ सुहैलीनंतर ६९ दिवसांनी निघाली आणि केप हॉर्नला फक्त १९ दिवस मागे होती. तो वेग टिकला असता तर रोख बक्षीस त्यांचे होते, आणि गोल्डन ग्लोबचाही निकाल अटीतटीचा झाला असता. पण त्यांनी शर्यतीकडे पाठ फिरवून पुन्हा पूर्वेची वाट धरली आणि ताहितीला गेले. म्हणजे चांगली बांधलेली, मोठी आणि वेगवान बोट हेही या समुद्राला चालणारे उत्तर होतेच. जोशुआचीही कील लांब होती, मागचे टोक निमुळते होते. या दोन्ही बोटींत आर्चर यांच्या परंपरेचे रक्त होते, आणि टिकल्या त्याही याच दोन. माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत भक्कम पुरावा हाच.

नंतरची पन्नास वर्षे

सुहैली निवृत्त झाली नाही. १९९१ मध्ये रॉबिन तिच्यातून गिर्यारोहक ख्रिस बॉनिंग्टन यांना घेऊन ग्रीनलंडला गेले. पुढे तिला ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवले, आणि ज्या बोटीला दक्षिण महासागर मोडू शकला नाही ती तिथल्या कोरड्या, नियंत्रित हवेत आक्रसू लागली. फळ्यांमध्ये फटी पडल्या. रॉबिननी २००२ मध्ये तिला बाहेर काढले आणि पुढची कित्येक वर्षे तिची डागडुजी केली. १४ जून २०१८ रोजी, निघाल्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, सुहैली फालमथच्या पाण्यात होती.

महाराष्ट्र आणि गोव्याशी तिचा धागा मुंबईच्या सुतारकामावरच थांबत नाही. भारतीय नौदलाच्या ‘सागर परिक्रमा’ या कल्पनेमागे व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी होते. ती कल्पना अंगावर घेतली कॅप्टन दिलीप दोंदे यांनी, आणि तयारीच्या काळात त्यांनी नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली राहून बरेच शिकून घेतले. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या अॅक्वेरियस शिपयार्डने बांधलेल्या ‘म्हादेई’तून दोंदे यांनी २००९-१० मध्ये चार थांबे घेत प्रदक्षिणा पुरी केली. त्याच बोटीतून २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी न थांबता जाऊन आले.

२०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यत पुन्हा झाली. लांब कीलच्या, जुन्या आराखड्यांच्या लहान बोटी, दिशेसाठी सूर्य-ताऱ्यांची उंची मोजणारा सेक्स्टंट, उपग्रहाच्या मदतीला मनाई. टॉमी त्यात ‘थुरीया’ घेऊन उतरले. ही सुहैलीची प्रतिकृती, तीही दांडेकरांनी गोव्यात बांधलेली. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ती उलटली, डोलकाठ्या गेल्या, टॉमींच्या मणक्याला जबर इजा झाली. तीन दिवसांनी फ्रान्सच्या एका मत्स्यगस्ती जहाजाने त्यांना उचलले. त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिन यांची वेगळ्या आराखड्याची बोटही डोलकाठ्या गमावून बसली. आकार तोच, तरी थुरीयाच्या वाट्याला आलेली लाट सुहैलीच्या वाट्याला ५ सप्टेंबर १९६८ला आलेली नव्हती. सुहैलीच्या यशात नशिबाचा वाटा किती होता, हे मोजायचे तर थुरीयाकडेच पाहावे लागते.

ती शर्यत जिंकली ७३ वर्षांच्या जाँ-लुक व्हान डेन हीड यांनी, २११ दिवसांत, रस्लर ३६ जातीच्या फायबरग्लास बोटीतून. टॉमी मणक्यावरच्या शस्त्रक्रियेतून उठून पुढच्या शर्यतीला त्याच जातीची ‘बायानत’ घेऊन गेले. वाटेत वाऱ्यावरच्या सुकाणूचे भाग एकामागून एक तुटत गेले आणि बोटीतलेच सामान कापून ते नवे भाग घडवत राहिले. २९ एप्रिल २०२३ रोजी, २३६ दिवसांनी, ते दुसऱ्या क्रमांकाने फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले.